जाळीशेजारची फरशी

सकाळी आठ वाजता छिन्नीचा पहिला घाव माझ्या डाव्या कोपऱ्यावर बसला. कोपरा उडाला, भिंतीवर आपटला आणि रिकाम्या बादलीत जाऊन पडला. वरच्या मजल्यावरच्या त्या न्हाणीघरात तेव्हा चार माणसं उभी होती. दोघा भावांना आपण खरे ठरावं असं वाटत होतं. थोरल्या जावेला धाकटी खोटी ठरावी असं वाटत होतं. चौथा गवंडी. त्याला जेवायच्या सुट्टीआधी काम उरकायचं होतं. माझं काय होतंय याची चौघांपैकी एकालाही पर्वा नव्हती.

मित्रांनो, मी एक जुनी फरशी आहे. फिकट हिरवी, वीतभर लांब, वीतभर रुंद, पाणी जायच्या जाळीला अगदी लागून बसवलेली. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. मोडकी छत्री म्हणते, मला मुलांनी फार जीव लावला. मला कुणी जीव लावला नाही आणि मीही कुणाला लावला नाही. लोक माझ्यावर उघड्या पायांनी उभे राहिले, साबणाचं पाणी ओतलं, चुळा टाकल्या, केसांचे गुंते सोडले. अशा जागी राहून माणसांबद्दल माया वाटत नाही. तेव्हा मी फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं सांगते. ते ऐकून तुम्हाला त्या घराचा राग आला तर माझी हरकत नाही. मलाही येतो.

माझा जन्म दाबाखाली झाला. मातीची कोरडी भुकटी साच्यात भरली, वरून लोखंडी ठोकळा आदळला आणि मी झाले. मग अंगावर हिरवा मुलामा चढला आणि भट्टी. भट्टीतून जी वाकडी निघे ती तिथेच फोडून ढिगावर टाकत. मी सरळ निघाले. दुकानात आमची चळत दाराशी उभी होती. तिथे एक म्हातारा आला आणि दुकानदार काय सांगतोय तिकडे लक्ष न देता एकेका फरशीच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला. दुकानदाराने विचारलं, काय बघताय? म्हातारा म्हणाला, कड बघतोय, कड सरळ असली की बाकीचं जमवता येतं. तो पुस्तकांची बांधणी करणारा होता. पुठ्ठ्याचीही कड तो तशीच बघत असे.

त्याच्या घराच्या तळमजल्यावर त्याचं कामाचं दालन होतं. दालन म्हणजे एकच खोली, पण तिच्यात माणसाच्या उंचीचा लाकडी शिकंजा होता. बांधलेली पुस्तकं त्याच्या फळ्यांमध्ये ठेवायची, वरचा मळसूत्री दांडा फिरवायचा, आणि रात्रभर दाबून ठेवायची. हा शिकंजा म्हाताऱ्याने खोलीतच जोडून घेतला होता. पुढे वरच्या मजल्यासाठी जिना काढताना खोलीचं दार अरुंद झालं, आणि शिकंजा त्या खोलीत कायमचा अडकला. बाहेर काढायचा तर करवत लावावी लागणार. म्हाताऱ्याला त्याचं काही वाटलं नाही. शिकंज्याला बाहेर जाऊन काय करायचंय, असं तो म्हणाला.

वरचा मजला थोरल्या मुलासाठी बांधला जात होता. आम्ही भिंतीशी उभ्या होतो तेव्हा न्हाणीघराची जमीन उघडी होती. तिथला स्लॅब मुद्दाम वीतभर खाली ठेवलेला, त्यावर विटांच्या तुकड्यांचा भराव, भरावातून बिडाचं एक भांडं वर आलेलं. जाळीतून पडणारं पाणी त्या भांड्यात येऊन नळीने जाणार होतं. नळी ज्या भोकातून स्लॅबमध्ये उतरली होती तिथे भांड्याच्या गळ्याभोवती बोटभर फट राहिली होती. ती सिमेंट आणि बारीक खडीने ठासून भरायची, सुकू द्यायची, वरून पाणी सोडून बघायचं, आणि मगच फरश्या बसवायच्या, असा त्या कामाचा क्रम असतो. फट भरायची होती त्याच दिवशी गवंड्याला घरून निरोप आला आणि तो काम अर्धवट टाकून गेला.

म्हाताऱ्याला थांबणं माहीत नव्हतं. थोरल्याचं बिऱ्हाड चार दिवसांत वर यायचं होतं. तो खाली गेला आणि आपलं सामान घेऊन वर आला. एका हातात गरम सरसाचं भांडं, दुसऱ्या हातात वह्यांच्या कण्याला लावायचं जाडं लाल कापड. त्याने कापडाच्या पट्ट्या फाडल्या, सरसात बुडवल्या आणि त्या फटीत कोंबल्या. एकेक पट्टी तो अंगठ्याने असा दाबत होता, जणू पुस्तकाचाच कणा बसवतोय. "माझ्या सरसाने धरलेलं जन्मात सुटत नाही," असं तो बोलला. ऐकायला आम्ही फरश्याच होतो.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्याने विचारलं, भांड्याच्या गळ्याचं काय झालं? म्हातारा म्हणाला, ते झालंय, तू फरश्या बघ. गवंड्याने वरून सिमेंटचा हात फिरवला आणि मला बसवलं. लाल कापड झाकलं गेलं.

आता तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच का नाही गळलं? सुकलेला सरस शिंगासारखा कडक असतो, थंड पाण्यात विरघळत नाही, आणि वरचा सिमेंटचा थर तेव्हा शाबूत होता. बरीच वर्षं काही झालं नाही. आलेगेले लोक न्हाणीघराचं कौतुक करत. म्हातारा जिन्याच्या कठड्याला धरून वर यायचा, माझ्यावर उभा राहून पाय धुवायचा, आणि कड बघायचा. मग तो गेला. त्याच्या चष्म्याचं घर तेवढं थोरल्याकडे राहिलं. शिकंजा धाकट्याकडे राहिला. या वाटणीवरून दोघांमध्ये जे शब्द झाले ते मी सांगत बसत नाही. त्यानंतर दोघं जिन्यात समोरासमोर आले तर एक जण कठड्याकडे बघे आणि दुसरा भिंतीकडे.

थोरला शाळेत भूमिती शिकवत असे. घरातही तो कुठलीही गोष्ट सिद्ध झाल्याशिवाय मानत नसे, आणि सिद्ध झाली की तोंडाने तसं जाहीर करत असे. धाकट्याने वडिलांचं काम पुढे चालवलं, फक्त लाल कापड संपल्यावर तो रेक्झिन वापरू लागला. थोरल्या जावेची अब्रू तिच्या न्हाणीघरात होती. ती दर आठवड्याला माझ्यावर आम्लाचं पाणी ओतून ब्रशने घासायची. मी चकाकायचे. सांधे झिजायचे, पण सांध्यांकडे कोण बघतं? जाळीच्या कडेचं सिमेंटही झिजून गेलं.

मग घरात गिझर आला.

सरस गरम पाण्यात विरघळतो. ही गोष्ट त्या घरातल्या पोरांना अक्षरओळखीच्या आधी कळत असे. दोघं भाऊ त्या शिजणाऱ्या भांड्याशेजारीच रांगले होते. पण पायाखालच्या कापडाचं त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला तोंड नव्हतं. रोज सकाळी कढत पाणी जाळीच्या कडेने खाली उतरलं, सिमेंटच्या तडकलेल्या थरातून गळ्याभोवती पोचलं, आणि शिंगासारखा सरस पुन्हा खळीसारखा झाला. एके दिवशी थेंब दालनात पडला. शिकंज्यावर.

पहिल्यांदा धाकटा स्वतः वर आला होता. सरळपणे सांगायला आला होता, हे मी कबूल करते. थोरल्याने त्याला दाराबाहेरच उभं केलं आणि न्हाणीघराची जमीन दाखवली. कोरडी ठणठणीत. मग म्हणाला, तुझ्याकडे ओल आहे म्हणजे गळती माझ्याकडची, हे कुठल्या प्रमेयाने? धाकटा परत गेला. त्यानंतर जे काही झालं ते जाळीतून झालं. जाळीखालच्या भांड्यात पाणी साठलेलं असतं, त्याने नळीतला वास अडतो. आवाज अडत नाही. नळी दालनाच्या कोपऱ्यातूनच खाली जाते, आणि तिचा सांधा सैल होता. खालचं बोलणं मला वर ऐकू यायचं आणि वरचं खाली.

वर कुणी अंघोळीला बसलं की धाकटा खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा. उत्तर म्हणून थोरला भरलेली बादली मुद्दाम आपटून ठेवायचा. ती आपटायची माझ्यावरच. धाकट्या जावेने गळतीखाली फडकं ठेवायचं सोडून पत्र्याचा उपडा डबा ठेवला, म्हणजे टपटप वर ऐकू जावी. एकदा ती जाळीच्या नळीशी तोंड नेऊन म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडचं पाणी रोज पाहुणं येतंय. बसायला सांगू की हाकलून देऊ?"

थोरली न्हाणीघर घासत होती. तिने ब्रश थांबवलाही नाही. "पाणीच येतं गं वरून खाली. अक्कल येत नाही."

मला ती दोन्ही बोलणी आठवतात, कारण त्या दिवशी आम्लाचं पाणी नेहमीपेक्षा जास्त होतं.

सांधे भरायला माणूस आला. प्रत्येक गोष्टीला तो "होईल की" म्हणायचा, म्हणून घरात त्याला होईलकी हेच नाव पडलं. होईलकीने माझ्याभोवतीचे सगळे सांधे खरवडून पांढऱ्या सिमेंटने भरले. भिंत आणि जमीन मिळतात तो कोपराही भरला. जाळीची कड मात्र सोडली. जाळी उचलून साफ करायची असते, म्हणून तिच्याभोवती कुणी काही भरत नाही. गळती थांबली नाही. त्याने पुन्हा सांधे भरले. मग खालच्या भिंतीतला नळ उघडून बघितला, तो कोरडा निघाला, आणि होईलकी यायचा बंद झाला.

यानंतर दोघांनी दोन चाचण्या केल्या. मी त्या दोन्ही सांगते, कारण दोन्ही चुकीच्या होत्या आणि दोन्हींवर त्या घराने डोळे मिटून विश्वास ठेवला.

पहिली थोरल्याची. त्याने न्हाणीघराला कुलूप लावलं. वरची सगळी माणसं गच्चीवर बादल्या नेऊन अंघोळ करू लागली. चौथ्या दिवशी त्याने जिन्यात उभं राहून विचारलं, पडतोय का थेंब? पडत होता. "सिद्ध झालं," तो म्हणाला आणि कुलूप काढलं. मित्रांनो, माझ्याखाली वीतभर विटांचे तुकडे होते. वीट पाणी पिते. महिनोन्महिने पीत आलेली वीट चार दिवसांत कोरडी होत नाही; ती सावकाश, थेंबाथेंबाने पाणी सोडत राहते. तो पडत होता तो जुना थेंब होता. पण भूमितीत विटा पाणी पीत नाहीत.

दुसरी धाकट्या जावेची. तिने दालनातली लाल शाईची बाटली वर आणली. थोरल्याने परवानगी दिली, आणि तीही तुच्छतेने, दोन बोटं हलवून. तिने पाण्यात शाई कालवली आणि न्हाणीघरात ओतली. मी दोन दिवस लाल होते. खाली तिने पांढरी वाटी धरली. थेंब पडला, स्वच्छ. दुसराही स्वच्छ. विटांच्या चुऱ्याने आणि वाळूने रंग वरच्या वर शोषून घेतला होता. माठावरच्या फडक्यातून गाळलेल्या पाण्यासारखं ते खाली उतरत होतं. "स्वच्छच पडतंय," असं ती नवऱ्याला म्हणाली, ते वर ऐकू आलं. वरून थोरली म्हणाली, "शाई तुमची, वाटी तुमची. पाणीही तुमचंच असणार."

अशा रीतीने थोरला निर्दोष सुटला आणि दालन भिजत राहिलं. भिंतीला लोणा लागला. छताचे पोपडे सुटून ओल्या पुठ्ठ्यांवर पडू लागले. धाकट्याने सामान खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, पण शिकंजा हलवता येत नव्हता. त्याच्यावर त्याने ताडपत्री टाकली. ताडपत्रीखाली लाकूड दमट होऊन फुगलं आणि दांडा फिरेना. त्या दिवसांत गावातल्या वाचनालयाची जुनी पुस्तकं बांधणीला आली होती. त्यांतली काही एका रात्रीत फुगली. ग्रंथपाल आला, ओली पुस्तकं उचलून नाकाशी नेली, आणि उरलेली परत घेऊन गेला. जाताना तो म्हणाला, छत कोरडं झालेलं मी डोळ्यांनी बघेन, तोवर इथे एक पानही पाठवणार नाही. वाचनालय हे दालनाचं शेवटचं मोठं काम होतं.

मग धाकट्याने सुताराला बोलावलं.

मी नळीतून सगळं ऐकत होते. सुतार शिकंजा मोजत होता. कुठून कापायचा ते दोघं ठरवत होते. मळसूत्राच्या वर कापला तर दोन तुकड्यांत बाहेर निघेल, मग जळाऊ म्हणून जाईल, असं सुताराचं म्हणणं. धाकटी जाऊ म्हणाली, जरा हळू बोला. सुताराला कळेना, का? धाकटा म्हणाला, हळू कशाला, ऐकू दे त्याला. थोरला त्या वेळी न्हाणीघरात दाढी करत होता. वस्तरा गालावर थांबला. त्याने पाणी बंद केलं आणि अर्धी दाढी तशीच ठेवून तो बराच वेळ जाळीकडे बघत उभा राहिला. माझ्याकडे बघत नव्हता. खाली सुतार माप सांगत होता.

संध्याकाळी त्याने जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं राहून धाकट्याला हाक मारली. बोलला ते असं: "जाळीपाशी खोदून घे. तुझं समाधान होऊ दे. काही निघालं नाही, तर ते दालन बंद करायचं आणि गळतीचा विषयही. पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

"आणि निघालं तर?"

"निघणार नाही."

धाकट्याने मान्य केलं. करवत पुढे ढकलली गेली. यात कुणाचं मन वगैरे द्रवलेलं नव्हतं. एकाला दुसऱ्याचं तोंड कायमचं बंद करायचं होतं आणि दुसऱ्याला पहिल्याचं.

म्हणून सकाळी आठचा तो घाव.

गवंड्याने आधी हातोडीच्या मागच्या बाजूने सगळ्या फरश्या ठोकून पाहिल्या. भिंतीकडच्या भरीव बोलल्या. मी पोकळ बोलले. गवंडी म्हणाला, हिच्याखाली काही उरलेलं नाही. कोपरा उडाल्यावर त्याने छिन्नी तिरपी धरली आणि मला उचललं. इतक्या वर्षांनी मी उलटी झाले. माझी पाठ ओली होती आणि तिला कुजल्याचा वास येत होता. थोरल्या जावेने पदर नाकाला लावला. गवंड्याने हाताने सिमेंटचे पोपडे बाजूला केले, भांड्याच्या गळ्याशी दोन बोटं घातली आणि काहीतरी ओढलं. बुळबुळीत, लांब, लाल. मग आणखी एक.

"हे काय कोंबलंय इथं?" तो म्हणाला. "वहीचं कापड आहे हे."

मला वाटलं, आता भांडण मिटेल. माणसांना मी इतकी वर्षं पायांकडून ओळखते, तरी मला तसं वाटलं.

थोरल्याने पट्टी बघितली, मग धाकट्याकडे बघितलं. आवाज चढवलाही नाही. म्हणाला, या घरात बांधणीचं कापड एकाच माणसाच्या हाताशी असतं. आम्ही सुट्टीत बाहेर होतो तेव्हा वरची किल्लीही त्याच माणसाकडे होती. शाईने जमलं नाही, म्हणून हे.

"मी माझ्याच डोक्यावर पाणी पाडून घेतलं?" धाकटा म्हणाला.

"खरं ठरायला माणूस काय वाटेल ते करतो. तू तर करशीलच. शिकंजा मिळवताना काय केलं होतंस ते विसरलो नाही मी."

धाकट्याने गवंड्याच्या पायाशी पडलेली हातोडी उचलली. मी भिंतीला टेकून उभी होते, मला त्याचं मनगट दिसत होतं. ते खांद्यापर्यंत वर गेलं. गवंड्याने शांतपणे हातोडीचा दांडा धरला आणि म्हणाला, हाणामारी जिन्यात करा, इथं माझं काम चाललंय. त्याने हातोडी काढून घेतली आणि स्वतःच्या मागे ठेवली.

एवढ्यात आवाज ऐकून धाकटी जाऊ वर आली. आजवर ती या न्हाणीघरात एकदाच आली होती, शाई घेऊन. तिने ओली पट्टी उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. म्हणाली, सरस आहे. आम्ही आता सरस वापरतच नाही, तयार डिंक येतो. आणि हे लाल कापड माझ्या लग्नाआधीच संपलं होतं. थोरला म्हणाला, तू त्याचीच बाजू घेणार.

थोरली जाऊ ओल्या पट्टीकडे वाकून बघत होती. मग ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात सासऱ्यांच्या चष्म्याचं घर होतं. म्हाताऱ्याने ते स्वतः पुठ्ठ्यावर कापड चढवून केलेलं होतं, आणि ती रोज फोटोबरोबर तेही पुसत असे, त्यामुळे तिला त्याची वीण पाठ होती. दोन जाड धागे, एक बारीक, पुन्हा दोन जाड. तिने ते घर कपडे धुवायच्या दगडावर ठेवलं आणि शेजारी पट्टी सरळ करून ठेवली. लाल रंग एकीकडे विटलेला, दुसरीकडे कुजलेला. वीण एकच होती.

आपली धाकटी जाऊ खोटी ठरावी असं तिला अजूनही वाटत होतं. चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. तरी तिने ते चष्म्याचं घर आणून ठेवलं. मला त्या घरातल्या माणसांबद्दल एवढी एकच गोष्ट चांगली सांगता येते, म्हणून सांगितली.

थोरला म्हणाला, "बाबा असं करणार नाहीत. गवंड्याने केलं असेल. तेव्हाच्या."

"गवंड्याकडे सरस कुठला, दादा?"

कितीतरी वर्षांत धाकट्याने त्याला दादा म्हटलं नव्हतं. यात प्रेम होतं असं समजू नका. तोंडातून निघून गेलं, एवढंच. थोरल्याने चष्म्याचं घर उचललं, उघडलं, बंद केलं. "सिद्ध झालं" असं तो त्या दिवशी म्हणाला नाही. गवंड्याला म्हणाला, तू कर तुझं काम. आणि जाता जाता, भिंतीकडे बघत: "शिकंजा कापायचा नाही."

"ते छत ठरवेल," धाकटा म्हणाला.

कुणी कुणाची माफी मागितली नाही.

गवंड्याने गळ्याभोवतीचं सगळं कापड काढलं, फट घासून साफ केली, सिमेंट आणि खडी ठासून भरली आणि वरून पाणी न शिरणारा लेप दिला. मग त्याने सांगितलं, पूर्ण भराव काढून टाका. विटा तुडुंब आहेत, सगळं उघडं करून पंधरा दिवस वाळू द्या. थोरला म्हणाला, पंधरा दिवस न्हाणीघर बंद ठेवून कसं चालेल? धाकटा म्हणाला, ग्रंथपाल छत बघायला त्याआधी येणार आहे. या एका गोष्टीवर दोघांचं ताबडतोब एकमत झालं. म्हाताऱ्याचीच मुलं ती. जाळीभोवतीचा भराव तेवढा बदलला, बाकीचा तसाच राहिला, आणि त्यावर नव्या फरश्या बसल्या. माझ्या जागी एक पांढरी आली. कड सरळ आहे तिची.

जाताना गवंडी जिन्यात थांबून बोलला, दोघांनाही ऐकू जाईल असं. "विटांत मुरलेलं पाणी अजून उतरत राहील. महिनाभर टिपकेल. टिपकलं म्हणून भांडू नका, थांबलं म्हणून नाचू नका. ओलीच्या कडेला पेन्सिलीने रेघ मारा. ओल रेघेच्या आत सरकली तर जुनं पाणी. बाहेर सरकली तर मला बोलवा." पहिली रेघ त्याने जायच्या आधी स्वतःच ओढून दिली होती.

मला अंगणात आणून दालनाच्या खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवून ठेवलं आहे. कोपरा उडालेली, पाठीला सिमेंटचे डाग. इथून खिडकीतून मला दालन दिसतं. ज्या छताच्या पाठीवर मी आयुष्य काढलं ते छत मी खालून पहिल्यांदाच पाहिलं. नळीच्या कोपऱ्याकडे ओलीचा मोठा डाग आहे, कडेला पिवळा, आत काळपट. त्याच्या बरोबर खाली शिकंजा. ताडपत्री काढली आहे. दांड्याला तेल दिलेलं दिसतं, पण तो अजून फिरत नाही.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तू म्हणते, माझ्यावर प्रेम करा. माझ्यावर करू नका. माझं काम संपलं आहे. पण तुमच्या घरात माझ्यासारख्या आणखी आहेत. अधूनमधून जाळी उचला आणि तिच्या कडेला बोट फिरवून बघा. फरशी पोकळ वाजली तर सांधे भरून मोकळे होऊ नका, खाली काय आहे ते बघा. आणि खालच्या मजल्यावरचं माणूस ओल आली म्हणून सांगायला वर आलं, तर त्याला दारात उभं करू नका. तेवढ्या वेळात वीट पाणी पीत असते.

आजची हकिगत अशी. नव्या न्हाणीघरात काल रात्रीपासून जाळीला बोळा लावून घोटाभर पाणी भरून ठेवलं आहे. सकाळी दालनात पत्र्याच्या डब्यावर थेंब पडला. टप. धाकटा स्टुलावर चढला, पण डागाच्या पलीकडच्या कडेपर्यंत त्याचा हात पोचेना. त्या वेळी थोरला दालनाच्या दारात आला. वडील गेल्यापासून तो त्या खोलीत आलेला नव्हता. तो उंच आहे, हातही लांब. धाकटा खाली उतरला आणि त्याच्याकडे न बघता पेन्सिल पुढे केली. थोरला स्टुलावर चढला. दोन्ही जावा जिन्याच्या दोन टोकांना उभ्या होत्या. उद्या ग्रंथपाल येणार आहे, आणि सुताराला अजून नको म्हणून निरोप गेलेला नाही.

थोरल्याने ओलीची कड बोटाने चाचपली आणि छतावर नवी रेघ ओढली, भूमितीच्या मास्तराची, एका दमात. मग तो खाली उतरला. दोघंही मान वर करून उभे आहेत. नवी रेघ जुन्या रेघेच्या आत आहे की बाहेर, ते मला इथून दिसत नाही.